तथास्तु म्हणायला दोघं लागतात

विसरणाऱ्या बापांच्या गोष्टी बहुतेक वेळा एका ठरलेल्या क्षणाची वाट बघत सांगितल्या जातात. म्हातारा माणूस एकेक गोष्ट विसरत जातो, मुलगी खचत जाते, आणि शेवटाकडे कधीतरी तो तिच्याकडे बघून तिचं नाव घेतो. थिएटरात हुंदके. दिवे लागतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ या क्षणावर उभा नाही, आणि निव्वळ एवढ्यासाठीसुद्धा तो पुन्हा पुन्हा बघण्यासारखा आहे. गेल्या दोन वर्षांत मी तो चार वेळा पाहिला. पहिल्यांदा चांगला मराठी सिनेमा म्हणून. नंतरच्या तीन वेळा गरज म्हणून, कारण माझे बाबा पायलट होते आणि आता ते विसरत चालले आहेत.

‘अस्तु’ची गोष्ट थोडक्यात अशी. डॉ. चक्रपाणी शास्त्री, म्हणजे अप्पा, हे निवृत्त संस्कृत पंडित. अल्झायमर झालेला. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी खरेदीला उतरते. तेवढ्यात अप्पांना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते त्याच्यामागे चालू लागतात. हत्तीवाला अंता आणि त्याची बायको चन्नम्मा ही कानडी बोलणारी, हत्तीला घेऊन पोटासाठी फिरणारी माणसं. एकीकडे इरा, तिचा नवरा आणि बहीण यांची शोधाशोध चालू राहते. दुसरीकडे चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला जेवू घालते, लहान लेकरासारखं सांभाळते. अप्पांना तिच्यात आई दिसते.

सिनेमा २०१३चा. संवादांसाठी सुमित्रा भाव्यांना आणि सहाय्यक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अप्पांचं काम करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि ते पडद्यावर जाणवतं. ते आजाराचा अभिनय करत नाहीत. समोरच्या वस्तूत पूर्ण रमलेल्या माणसाचा अभिनय करतात. इरावती हर्षेची इरा मात्र कशातच रमू शकत नाही, कारण तिला सगळं लक्षात ठेवायचं आहे. स्वतःचं, मुलांचं, आणि आता अप्पांचंही.

या सिनेमाबद्दल बरंच चांगलं लिहून झालंय. मला त्याच्याशी थोडं भांडायचं आहे, आणि त्या भांडणातूनच तो मला जास्त आवडू लागला.

पंडिताचं डोकं

भाव्यांनी अप्पांना संस्कृत पंडित केलं, ही निवड साधी नाही. आपल्याकडे विद्वत्ता म्हणजे पाठांतर, हे समीकरण फार जुनं आहे. ज्याच्या मुखात सगळं आहे तो पंडित. अशा माणसाचीच स्मृती जाते तेव्हा प्रश्न उघडा पडतो: ज्ञान गेलं, मग उरलेला माणूस कोण? सिनेमा याचं उत्तर संस्कृत वचनांच्या वाटेनं शोधतो. भूतकाळ गेला, भविष्याची काळजी गेली, मग अप्पा त्याच स्थितीला पोचले का, जिच्याबद्दल ते आयुष्यभर शिकवत होते? आता, इथे, या क्षणात जगणं?

हा विचार सुंदर आहे. पण तो घरात राबवून बघितला की टोचतो. रात्री दोनला उठून गॅस चालू करणारा माणूस ‘या क्षणात’ जगत असतो, हे खरं. त्या क्षणाची जबाबदारी मात्र शेजारच्या खोलीत जाग्या असलेल्या माणसावर असते.

आणि आणखी एक. स्मृती एका माणसाच्या डोक्यात असते, हे सिनेमानं गृहीत धरलंय. पण अप्पा ज्या परंपरेतले, तिनं असा विश्वास कधीच ठेवला नव्हता. वेद पाठ करणाऱ्यांनी एकच ऋचा अनेक पद्धतींनी म्हणायची रीत लावली. पदपाठात शब्द सुटे करायचे. क्रमपाठात एक-दोन, दोन-तीन असे जोडीनं म्हणायचे. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन, असं पुढं-मागं करत जायचं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे हे वाचलं तेव्हा ओळखीचं वाटलं. माहिती पाठवताना ती वाटेत बिघडली तर पलीकडच्याला कळावं, म्हणून आम्हीही अशीच जास्तीची भर घालतो. एक शब्द चुकला तर पुढचा अडखळेल, आणि शेजारी बसलेला थांबवेल. म्हणजे ही रचना मुळातच असं धरून चालते की माणूस विसरणार, एकटा तर नक्कीच विसरणार.

पायलट स्मृतीवर विसंबत नाही

हे मला पुस्तकांच्या आधी बाबांकडून माहीत होतं. बाबा हवाई दलात एएन-३२ उडवायचे. दोन पंख्यांचं मालवाहू विमान. जोरहाटहून अरुणाचलातल्या छोट्या धावपट्ट्यांवर रेशन, रॉकेल, माणसं पोचवायची. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, एवढी सगळी बटणं तुमच्या लक्षात कशी राहतात? ते म्हणाले होते, लक्षात ठेवतो तो पायलट मरतो.

यामागं एक प्रसिद्ध अपघात आहे. ३० ऑक्टोबर १९३५ला अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगचं नवं बॉम्बर विमान, मॉडेल २९९, उडालं आणि लगेच कोसळलं. विमानात बिघाड नव्हता. जमिनीवर असताना वाऱ्यानं शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं. चालवणारे अत्यंत अनुभवी वैमानिक होते. ‘अजून हुशार माणूस आणा’ असं म्हणून हा प्रश्न सुटणार नव्हता, कारण अजून हुशार माणूस नव्हताच. मग काय केलं? कागदावर यादी केली. चेकलिस्ट. हेच विमान पुढे बी-१७ म्हणून दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येनं उडालं.

चेकलिस्टची खरी गंमत कागदात नाही. ती दोघांनी म्हणायची असते. एक जण वाचतो, दुसरा बघतो, हात लावतो आणि उत्तर देतो. उत्तर आलं नाही तर वाचणारा पुढे जात नाही. आग लागली, इंजिन बंद पडलं, अशा अगदी मोजक्या प्रसंगांच्या कृती तोंडपाठ ठेवायच्या. बाकी सगळं, रोजचं, हजारदा केलेलंसुद्धा, वाचून करायचं. सोपी गोष्ट वाचून करण्यात कमीपणा नाही, हे ज्या थोड्या धंद्यांनी मान्य केलंय त्यातला हा एक.

आमच्या शहराला विमान आणि विसर यांचं नातं वेगळं सांगायला नको. २६ एप्रिल १९९३ला चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टी संपता संपता कसंबसं उचललं गेलं, आणि पलीकडच्या बीड रोडवरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांना. ११८ माणसं होती, ५५ गेली. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट, पण इथली चाळिशीपुढची माणसं अजून सांगतात. चौकशीत वैमानिकांची चूक निघाली, विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं. पण चौकशी तिथं थांबली नाही. विमानांच्या वेळेत बीड रोडची वाहतूक का रोखली नव्हती, हाही ठपका तिनं नोंदवला. माणूस चुकला हे मान्य करूनही विचारायचं, की त्याच्याभोवती काय काय कमी पडलं.

आता ‘अस्तु’कडे या नजरेनं बघा. इरा बापाला गाडीत ठेवून दुकानात गेली आणि बाप हरवला. सिनेमाभर ती हा अपराध वागवते, आणि आपणही नकळत तिच्याकडे त्याच नजरेनं बघतो. चौकशी समिती बसली असती तर तिनं वेगळे प्रश्न विचारले असते. त्या दिवशी इरा एकटी का होती? एवढ्या मोठ्या विद्वानाच्या कामी यायला त्याचे किती विद्यार्थी उरले होते? ज्या समाजात पंडिताचा सत्कार करायला हॉल भरतो, तिथं पंडिताला दोन तास सांभाळायला कोणी का नसतं? हे प्रश्न पटकथेत कुठे कुठे आहेत, पण त्यांना वाव मिळत नाही. हत्ती येतो आणि आपण सगळे हत्तीच्या मागे जातो.

ढगात शिरल्यावर

इथं एक दुसरा सिनेमा आठवतो. फ्लोरियन झेलरचा ‘द फादर’, २०२०चा. ८३ वर्षांच्या अँथनी हॉपकिन्सला यासाठी ऑस्कर मिळालं. यात बापाचं नावही अँथनीच. घर त्याचं की मुलीचं, हे कळत नाही. मधेच सामान बदलतं, भिंती बदलतात. मुलगी ॲन ही ऑलिव्हिया कोलमन असते आणि अचानक दुसरीच बाई आत येऊन म्हणते, मी ॲन. प्रेक्षक म्हणून आपण गोंधळतो, चिडतो, मागे जाऊन बघावंसं वाटतं. म्हातारा विसरतोय हे आपण बाहेरून बघत नाही, आपल्यालाच विसरायला लावलं जातं.

पायलटांना ही अवस्था माहीत असते. दाट ढगात क्षितिज दिसत नाही. विमान हळूहळू एका बाजूला वळत राहिलं तर कानाच्या आतला द्रव स्थिरावतो आणि शरीर सांगतं, आपण सरळ चाललोय. विमान खरोखर सरळ केलं की तेच शरीर ओरडतं, उलटीकडे वळतोय! प्रशिक्षणात एकच गोष्ट ठोकून बसवतात: अंगाला काय वाटतंय ते सोडा, समोरच्या काट्यावर विश्वास ठेवा. झेलरनं आपल्याला ढगात नेलं आणि काटे काढून घेतले. अँथनी सारखा मनगटी घड्याळ शोधत असतो तो याचसाठी. त्याला आपला काटा हवाय.

पण काट्यावर विश्वास ठेवा हे सांगणं ज्याला काटा वाचता येतो त्याच्यासाठी. ज्याला येत नाही त्याला आपण दिवसभर खरं सांगत बसलो तर? बाबा, आज बुधवार आहे. बाबा, तुम्ही रिटायर झालात. बाबा, आजी नाहीये, तिला जाऊन वीस वर्षं झाली. प्रत्येक वेळी त्यांना ती बातमी नवी असते. खरं सांगणं चांगलं, या तत्त्वापायी एका माणसाला त्याच्या आईच्या मरणाची बातमी महिन्यात चारदा द्यायची का? ‘अस्तु’ बघून झाल्यावर मला सतावणारा प्रश्न हा आहे. असू दे, तसंच होवो, हे म्हणायचं; पण किती?

आमच्याकडे याचं उत्तर आईनं शोधलं. बाबा कधी कधी पहाटे चारला उठून बूट घालतात. सॉर्टी आहे म्हणतात. नातेवाईक म्हणतात, त्यांना समजावून सांगा. आई समजावत नाही. ती म्हणते, ‘‘अहो, आज हवामान खराब आहे. कॅन्सल झाली.’’ बाबा विचारतात, ‘‘व्हिजिबिलिटी?’’ आई सांगते, ‘‘आठशे मीटर.’’ ते मान डोलावतात आणि बूट काढतात. एका पायलटला घरात बसवण्याचं हेच एक कारण आहे ज्यात त्याचा अपमान नाही. तीस वर्षं त्यांच्या फ्लाइटची वाट बघितलेल्या बाईला ते माहीत होतं.

हे खोटं आहे का? आकडा खोटा आहे. पण संवादाची पद्धत खरी आहे. प्रश्न आला, उत्तर गेलं, ते ऐकून निर्णय झाला, आणि निर्णय बाबांनी घेतला.

बाबांचं उडण्याचं प्रेम कुठे साठलंय, हे अशा वेळी दिसतं. परवाचं जेवण आठवत नाही, पण गाडीत बसण्याआधी ते गाडीभोवती पूर्ण चक्कर मारतात, चारही टायरना हात लावतात. उड्डाणाआधी विमानाभोवती मारायची ती फेरी. गच्चीत दोरीवरचे कपडे बघून वारा कुठून आहे ते सांगतात. संध्याकाळी चिकलठाण्याला उतरणारं विमान आमच्या सिडकोतल्या घरावरून दिसतं, तेव्हा बोलणं अर्ध्यात सोडून वर बघतात आणि ‘‘जरा उंच आलाय,’’ म्हणतात. डॉक्टर सांगतात, हातांनी शिकलेलं मेंदूत वेगळ्या जागी असतं, ते उशिरापर्यंत टिकतं. असेल. मला वाटतं, अप्पा हत्तीच्या मागे जातात तेही असंच काहीतरी आहे. त्यात तत्त्वज्ञान शोधायची घाई नको. हत्ती दिसला की बघत राहावं, हे त्यांना पंडित होण्याच्या कितीतरी आधीपासून येत होतं.

ऑफिसमधले मित्र सुचवतात, बाबांसाठी ॲप बनव. औषधाची वेळ झाली की फोन वाजेल. आम्ही त्याऐवजी एक कार्ड केलं. सकाळी आई वाचते: चष्मा? बाबा हात लावून म्हणतात, ऑन. गोळ्या? घेतल्या. चप्पल? दोन्ही. नोटिफिकेशन बोटानं सरकवून टाकता येतं. समोरचा माणूस उत्तराची वाट बघत थांबलाय, हे सरकवता येत नाही.

चन्नम्मा आणि भत्ता

माझं सगळ्यात मोठं भांडण चन्नम्मावरून आहे. अमृता सुभाषनं तिला असं उभं केलंय की टीका करताना जीभ अडखळते. हत्तीलाच पुरेसं खायला नाही, त्यात हा वाट चुकलेला म्हातारा, अंता वैतागलेला, आणि ही बाई त्याचं सगळं करते. न कंटाळता, न विचारता. इराच्या दमणुकीसमोर ही माया ठेवली की आपोआप एक निकाल लागतो: शिकलेली मुलगी कमी पडली, गरीब बाईकडे मात्र आईपण आपसूक होतं.

हे आपसूक कुठून येतं? गरीब बाईला सेवा जन्मजात येते, ही समजूत आपल्या घरांत फार सोयीची आहे. तिच्यावरच दिवसाच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि ‘ती आमच्या घरचीच आहे’ म्हणून पगार थांबतो. चन्नम्माची भूक, तिची चिडचिड, तिचं दुसऱ्या दिवशीचं पोट हे सिनेमात दिसतं, पण तिची माया त्या हिशेबाच्या बाहेर ठेवली जाते. मला ती हिशेबात हवी होती. त्यानं माया कमी झाली नसती.

बाबांना सांभाळायला दिवसा एक ताई येतात. कोपराला धरून डावीकडे, उजवीकडे सांगत त्या बाबांना फिरवतात, म्हणून बाबा त्यांना नेव्हिगेटर म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही हसलो. मग लक्षात आलं, एएन-३२च्या क्रूमध्ये नेव्हिगेटर असतो, फ्लाइट इंजिनिअर असतो. कोणी कोणावर उपकार म्हणून चढत नाही. प्रत्येकाचं काम ठरलेलं, विश्रांती ठरलेली, उड्डाणाचा भत्ता ठरलेला. आणि म्हणूनच ते एकमेकांवर जीव टाकू शकतात. बाबांनी त्या ताईंना आई केलं नाही, क्रूमध्ये घेतलं. माझ्या मते हा जास्त मोठा मान आहे.

मी घरून काम करते, म्हणजे मी घरीच आहे, मग बाहेरची बाई कशाला, हे विचारणारेही भेटतात. मुलगा असता तर हे विचारलं नसतं, हे मी त्यांना सांगत नाही, इरा सांगते. ती सिनेमात शब्दांत हे म्हणत नाही, पण इरावती हर्षेच्या चेहऱ्यावर ते सतत आहे. बापावर प्रेम करणं आणि त्याच वेळी सुटका हवी असणं, हे तिनं एकत्र धरून ठेवलंय. ‘अस्तु’मधला सगळ्यात धीट भाग मला हा वाटतो. हत्तीपेक्षाही.

शब्दाचा अर्थ

‘द फादर’च्या अखेरीस अँथनी आईसाठी रडतो, एक नर्स त्याला जवळ घेते. ‘अस्तु’त अप्पांना चन्नम्मात आई सापडते. लंडनचा एक मनुष्य, इथला एक पंडित, आणि दोन वेगळे सिनेमे शेवटी एकाच हाकेपाशी येतात. याचा अर्थ म्हातारपण हे दुसरं बालपण, असा सहज लावता येईल. मला तो अपुरा वाटतो. आई म्हणजे आपल्या हाकेला पहिल्यांदा उत्तर देणारं माणूस. सगळं विसरलं तरी हाक मारली की उत्तर येतं, एवढं लक्षात राहत असावं.

सिनेमाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते हार मानण्यासारखं वाटलं होतं. असो, चालू द्या, देवाची इच्छा. पण हा शब्द आपल्या गोष्टींमध्ये येतो कसा, ते आठवा. कोणीतरी काहीतरी मागतं आणि समोरचा म्हणतो, तथास्तु. तो एकट्यानं स्वतःशी म्हणायचा शब्दच नाही. तो उत्तराचा शब्द आहे. आधी कोणी मागायला हवं, ते दुसऱ्यानं ऐकायला हवं, आणि उत्तर दिल्यावर त्याला बांधून राहायला हवं.

अप्पांची स्मृती परत येणार नव्हती, बाबांचीही येणार नाही. पंडितांनी शेजारच्या पाठकावर आणि पायलटांनी शेजारच्या सीटवर जो विश्वास टाकला, तो मात्र आपल्याला अजून टाकता येतो. शेवटी इरा काय करते ते इथे सांगत नाही, सिनेमा बघाच. पण बघताना तिच्या शेजारची सीट कोण घेतं, तिकडे लक्ष ठेवा. पुढचा मराठी सिनेमा त्या सीटबद्दल कोणी करणार असेल, तर पहिल्या दिवशीचं पहिलं तिकीट माझं.